वाचक विचारतात : रुग्णालयातल्या इथिक्स कमिटीला नेमकं काय विचारायचं?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, घरचं माणूस आयसीयूत असताना कुठल्या निर्णयापाशी अडलात? आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्तरं आयसीयू, पॅलिएटिव्ह केअर (आजारातला त्रास कमी करणारी शुश्रूषा), वैद्यकीय समाजसेवा आणि आरोग्यविषयक कायदा या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या गटाची.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, आज व्हेंटिलेटरवर सोळावा दिवस. डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची म्हणतात. अमेरिकेतला थोरला भाऊ म्हणतो, 'सगळं करा'. रोज दवाखान्यात जा-ये करणारी बहीण म्हणते, 'आता पुरे'. एका निवासी डॉक्टरांनी हळूच सुचवलं, 'डामा घेऊन घरी न्या.' इथिक्स कमिटीकडे गेलो तर ती निर्णय देईल का? (धायरी)

उत्तर : नाही. ती निर्णय देत नाही, सल्ला देते. उपचारांची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते आणि संमती घरच्यांचीच. कमिटीचं काम एवढंच की योग्य माणसं एका खोलीत बसावीत, खरा प्रश्न बाहेर यावा आणि जे ठरेल ते कागदावर उतरावं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बहुतेक आयसीयूत नेमकं हेच झालेलं नसतं.

आधी एक घोटाळा दूर करू. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत 'इन्स्टिट्यूशनल इथिक्स कमिटी' अशी पाटी दिसते. ती बहुधा संशोधनाची समिती असते. नव्या औषधांच्या चाचण्या तपासणारी, २०१९च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांखाली नोंदलेली. तिच्याकडे वडिलांचा प्रश्न नेलात तर ते सभ्यपणे सांगतील की हा आमचा विषय नाही, आणि ते खरंच असेल. तुम्हाला हवी आहे क्लिनिकल इथिक्स कमिटी, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या उपचारांबाबत सल्ला देणारी समिती. ही कायद्याने सक्तीची नाही, त्यामुळे सगळीकडे नसते. नसेल तर मेडिकल सुपरिटेंडेंटकडे 'एकत्र फॅमिली मीटिंग' मागा. मुख्य डॉक्टर, आयसीयूचे प्रमुख, न्यूरोचे डॉक्टर, शक्य असेल तर पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आणि समाजसेवक एवढे बसले की समितीचं निम्मं काम झालंच.

समिती असेल तर पद्धत साधारण अशी. सुपरिटेंडेंटच्या नावे एक पानी अर्ज द्यायचा. त्यात रुग्णाचं नाव, आयपी नंबर (भरती क्रमांक), आणि 'कशावर मतभेद आहे' हे दोन ओळींत. चांगल्या ठिकाणी एक-दोन दिवसांत समितीतले एक-दोन जण वॉर्डात येतात, केसपेपर वाचतात, डॉक्टरांशी बोलतात, रात्रपाळीच्या नर्सशी बोलतात (बरंचसं तिथेच कळतं) आणि घरच्यांना वेगवेगळं भेटतात. मग पाऊण-एक तासाची एकत्र बैठक.

बैठकीत चार गोष्टी क्रमाने घेतात. आजाराची खरी स्थिती, रुग्णाची इच्छा, पुढे मिळणारं आयुष्य त्यांना स्वतःला चाललं असतं का, आणि चौथ्यात बाकी सगळं: पैसा, कायदा, श्रद्धा, घरातली ओढाताण. क्रम महत्त्वाचा आहे. कारण भावंडांचं भांडण पुष्कळदा पहिल्याच मुद्द्यावर विरघळतं. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, 'बीपीचं औषध कमी केलंय.' हे वाक्य रात्री फोनवरून अमेरिकेत पोचेपर्यंत 'बाबा सुधारताहेत' असं झालेलं असतं. मेंदूबद्दल मात्र कोणी काहीच बोललेलं नसतं, कारण तो दुसऱ्या डॉक्टरांचा विषय. म्हणून बैठक भावाला जमेल अशा वेळी मागा. रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावला तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात. त्याने डॉक्टरांचं बोलणं थेट ऐकू दे, बहिणीमार्फत नको.

दुसऱ्या मुद्द्यावर येताना एक चूक टाळा. प्रश्न 'तुम्हाला काय हवंय' हा नाही, 'बाबा आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते' हा आहे. शेजारचे कोणी वर्षभर अंथरुणाला खिळले होते तेव्हा ते काय बोलले? स्वतःच्या आईच्या आजारपणात त्यांनी काय केलं? कुठल्या गोष्टीशिवाय त्यांचा दिवस जात नसे? हे आठवून आधीच कागदावर लिहा. बैठकीत रडू येतं आणि ऐनवेळी काही सुचत नाही.

गळ्याच्या नळीबद्दल थोडं. ट्रॅकिओस्टॉमीने तोंडातली नळी निघते, गुंगीची औषधं कमी करता येतात, कफ काढणं सोपं होतं. ती बसवली म्हणजे आता माघार नाही, असं नाही. पण तिच्यामुळे त्याच अवस्थेत महिनोन्‌महिने राहणंही सोपं होतं, हे कोणी आपणहून सांगत नाही. अशा वेळी समित्या बहुधा ठरावीक मुदतीचा प्रयत्न सुचवतात. समजा, दहा दिवस. पण 'बघू या' म्हणून नाही. त्या दहा दिवसांत कशाला सुधारणा म्हणायचं ते आधी लिहायचं: हाक मारल्यावर डोळे उघडणं, 'माझं बोट दाबा' म्हटल्यावर दाबणं, व्हेंटिलेटरशिवाय काही तास श्वास घेणं. आणि यातलं काहीच झालं नाही तर काय करायचं, तेही त्याच कागदावर. तारीख टाकली नाही तर दहाचे चाळीस दिवस कसे होतात ते कळतही नाही.

आता डामा. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस, म्हणजे वैद्यकीय सल्ला धुडकावून घरी नेतोय असं तुमच्या सहीने लिहून देणं. रुग्णालय मोकळं होतं, तुम्ही अडकता. प्रत्यक्षात होतं असं: अँब्युलन्समध्ये कोणीतरी अंबू बॅग (हाताने श्वास देणारी पिशवी) दाबत राहतं, घर आलं की ते हात थांबतात. पुढचे काही तास धाप आणि घशातली घरघर, आणि घरात औषध काहीच नाही, कारण कागदावर तुम्ही सल्ल्याविरुद्ध निघालेले आहात. नंतर मृत्यूचा दाखला द्यायला जवळचे डॉक्टर कचरतात, कारण त्यांनी रुग्ण पाहिलेलाच नसतो. घरीच न्यायचं ठरलं तर 'पॅलिएटिव्ह प्लॅनसह डिस्चार्ज' मागा. त्यात धाप आणि वेदनेसाठी मॉर्फिन, अस्वस्थतेसाठी औषध, घशातला स्राव कमी करणारं औषध, नर्स किंवा डॉक्टर घरी कधी येणार, रात्री फोन कोणाला करायचा आणि दाखला कोण देणार, हे लिहिलेलं असायला हवं. डामाचा फॉर्म पुढे केला तर सही करण्याआधी एवढं मागून बघा.

बैठकीनंतर केसपेपर पाहा. 'नातेवाईकांना प्रोग्नोसिस समजावले, सही घेतली' एवढंच असेल तर ती नोंद कुणाच्याच कामाची नाही. नोंदीत हजर माणसांची नावं, डॉक्टरांनी सांगितलेली स्थिती, रुग्णाच्या इच्छेबद्दल काय कळलं, काय ठरलं आणि पुढची बैठक कधी, हे हवं.

प्रश्न : अशा समितीत बसलेली चार माणसं कोण जगणार आणि कोण नाही हे ठरवतात, असं नाही का होत? (सदाशिव पेठ)

उत्तर : एके काळी तसं झालं होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमध्ये डायलिसिसची यंत्रं मोजकी होती आणि ती कोणाला द्यायची हे सात जणांची समिती ठरवत असे. तिला 'गॉड कमिटी' असंच नाव पडलं, आणि त्यावरून खूप टीका झाली. आजच्या समित्यांची कल्पना पुढे अमेरिकेतल्या १९७६च्या कॅरेन क्विन्लन खटल्यानंतर रुजली. तिथे प्रश्न यंत्र कोणाला द्यायचं हा नव्हता. बेशुद्ध तरुणीचं यंत्र तिच्या पालकांच्या म्हणण्यावरून काढता येईल का, असा होता. क्लिनिकल समितीपुढे एका वेळी एकच रुग्ण असतो. तुमच्या समोरच्या समितीतलं कोणी 'बेड अडलाय' या मुद्द्यावर बोलू लागलं तर त्यांना तिथेच थांबवा.

प्रश्न : बिल फार आलंय आणि डॉक्टरांकडून हलगर्जी झाली असं वाटतं. तक्रार इथिक्स कमिटीकडे करावी का? (वडगाव शेरी)

उत्तर : नको. ती तक्रार निवारण करत नाही. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग. बिलासाठी आधी रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते पाहा. असेल तर एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. निर्धनांना मोफत, दुर्बलांना सवलतीत. अर्ज रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे, उत्पन्नाच्या दाखल्यासह, आणि डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, भरती झाल्या झाल्या. दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय.

एक गोष्ट मात्र समितीसमोर जरूर सांगा: पैसे संपलेत. ते लपवून 'बाबांना त्रास नको' असं म्हणणारी कुटुंबं खूप असतात. मग सगळी चर्चा चुकीच्या प्रश्नावर होते.

प्रश्न : आम्ही दोघं, वय ७२ आणि ६९. लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र) करायचं आहे. कुठे, कसं? आणि वेळ आल्यावर रुग्णालय ते मानेल का? (कोथरूड)

उत्तर : ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि असं इच्छापत्र, दोन्ही मान्य केलं. पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती, त्यात दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही लागे, की ती फारशी कुणी वापरलीच नाही. २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने ती सोपी केली. इंटरनेटवर फिरणारे काही नमुने अजून जुनेच आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या सहीची जागा दिसली की तो नमुना बाजूला ठेवा.

दोघांनी दोन वेगळी इच्छापत्रं करा. मराठीत केलेलं चालतं. दोन साक्षीदार, शक्यतो घरचे नसलेले, आणि त्यांच्यासमोरची सही नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली. शिवाजीनगर कोर्टाच्या परिसरात नोटरी मिळतात. ठरावीक किमतीच्या स्टँप पेपरची अट निकालात नाही.

मजकुरात लोक एक वाक्य लिहून मोकळे होतात: 'मला व्हेंटिलेटर लावू नये.' हे वाक्य धोक्याचं आहे. उद्या न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून तुम्ही घरी चालत येणार असाल, तरीही ते वाक्य आड येईल. परिस्थिती लिहा: 'बरं होण्याची वाजवी शक्यता नाही असं डॉक्टरांचं मत असेल आणि मी माझं मत सांगू शकत नसेन तेव्हा.' मग काय नको ते लिहा: छाती दाबून हृदय सुरू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न. आणि काय हवंच ते लिहा: वेदनाशमन, तोंडाची स्वच्छता, घरी राहणं. परिणाम समजून लिहिलंय, हेही नमूद करा.

निर्णयासाठी एकापेक्षा जास्त माणसांची नावं देता येतात. सर्वांत लाडकं माणूस निवडू नका. रात्री दोनला फोन उचलणारं, आणि डॉक्टरांसमोर तुमचंच म्हणणं मांडणारं निवडा, त्याचं स्वतःचं मत वेगळं असलं तरी.

एक प्रत नावं दिलेल्या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक महापालिकेच्या अभिरक्षकाकडे, म्हणजे अशी इच्छापत्रं जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर २०२४मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत असे ४१७ अभिरक्षक नेमले गेले. तुमच्यासाठी पुणे महापालिकेचा आरोग्य विभाग, नदीपलीकडच्यांसाठी पिंपरी-चिंचवडचा. प्रत देताना पोच घ्या. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नका. रविवारी रात्री आयसीयूत लॉकर उघडत नाही. फोटो काढून मुलांच्या मोबाइलमध्ये टाका.

शुद्धीवर आहात, बोलू शकता, तोवर हा कागद लागूच होत नाही. तेव्हा तुमचं तोंडचं म्हणणंच चालतं. बदलायचं तर केव्हाही लेखी बदला. सर्वांत नवा कागद धरला जातो. वेळ आल्यावर रुग्णालयाने काय करायचं, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आणि असं काही लिहून ठेवलेलंच नसेल तर व्हेंटिलेटर काढता येतो का? हा दयामृत्यू नाही का झाला? (बारामती)

उत्तर : काढता येतो, आणि तो दयामृत्यू नव्हे. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. आजार पलटत नाही आणि यंत्र फक्त मरण लांबवतंय असं दिसल्यावर यंत्र काढणं वेगळं. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये अरुणा शानबाग प्रकरणात मांडला आणि २०१८मध्ये पक्का केला.

इच्छापत्र असो वा नसो, मार्ग एकच. नसेल तेव्हा संमती जवळच्या नातेवाइकांची. आधी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ, प्रत्येकाला किमान पाच वर्षांचा अनुभव. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळं सहमत झाली की अंमलबजावणीपूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. त्यांची परवानगी लागत नाही, कळवणं लागतं. 'कोर्टाची ऑर्डर आणा' असं कोणी म्हणालं तर त्यांना २०२३चा निकाल दाखवा.

गाडी अडते ती दुय्यम मंडळापाशी. जिल्ह्याने नेमलेल्या डॉक्टरांचं नाव रुग्णालयाच्या फायलीत आधीपासून नसेल तर दोनाचे आठ दिवस होतात. कर्नाटकाने जानेवारी २०२५मध्ये यासाठी स्वतंत्र परिपत्रक काढलं. आपल्याकडे रुग्णालयात पहिल्याच दिवशी विचारा: 'नियुक्त डॉक्टर कोण?'

ही दोन मंडळं आणि इथिक्स कमिटी एक नव्हेत. मंडळं आजाराबद्दल मत देतात. मतभेद झाले तर मिटवणं, सगळी प्रक्रिया नीट झाली का ते पाहणं, हे कमिटीचं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२४मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यातही तिच्याकडे हीच कामं आहेत. यंत्र काढण्याआधी धाप लागू नये म्हणून औषध चालू केलेलं असतं, नातेवाइकांना जवळ बसू देतात, मॉनिटरचे आवाज बंद करतात. किती मिनिटं किंवा किती तास लागतील हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बोलून ठेवायला हवं.

प्रश्न : सासूबाईंना डिमेन्शिया आहे, आता गिळता येत नाही. नाकातली नळी त्या वारंवार उपसून काढतात म्हणून हात बांधतात. नळी नको म्हटलं तर 'उपाशी मारता का' असं नणंद विचारते. (वारजे)

उत्तर : नणंदेचा प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे जेवू घालणं म्हणजेच माया. पण शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात भूकच मंदावते. शरीर थांबायला लागलेलं असतं, म्हणून खाणं सुटतं. खाणं सुटलं म्हणून शरीर थांबत नाही. अशा रुग्णांत नळीने आयुष्य वाढतं किंवा अन्न श्वासनलिकेत जाणं टळतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हात बांधल्याने कोपर-मनगटाला जखमा आणि बेचैनी मात्र नक्की वाढते.

नळीला पर्याय उपास हा नव्हे. पर्याय आहे हाताने भरवणं: त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा मऊसर घास, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. दोन चमच्यांवर थांबल्या तर दोन चमचे. पाणी ठसका लावत असेल तर घट्टसर पेज किंवा दही. ओठ आणि जीभ दर दोन-तीन तासांनी ओल्या कापसाने पुसा. तहानेचा त्रास मुख्यतः कोरड्या तोंडाचा असतो. नणंदेला हे एकदा त्यांच्या हाताने करू द्या. कमिटीतल्या तासाभराच्या चर्चेपेक्षा त्याने जास्त फरक पडतो, असा आमचा अंदाज आहे.

(कॅन्सरच्या रुग्णांसाठी वारज्यातच सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, सेवा मोफत. डिमेन्शियासाठी मात्र तुमच्या रुग्णालयातच पॅलिएटिव्हचे डॉक्टर आहेत का ते विचारा.)

प्रश्न : आईला कॅन्सर आहे हे तिला सांगू नका असं आम्ही डॉक्टरांना सांगितलं. ते ऐकत नाहीत. कमिटी आमच्या बाजूने उभी राहील? (पिंपळे सौदागर)

उत्तर : बहुधा नाही. आई शुद्धीवर आहे, समजू शकते, म्हणजे माहिती तिची आणि संमतीही तिचीच. तिला न सांगता केमो देणं म्हणजे संमतीशिवाय उपचार. पण डॉक्टरांनी राउंडला उभ्याउभ्या सांगून मोकळं होणंही चूक. मधला मार्ग असा: डॉक्टर आधी आईलाच विचारतात, 'तपासण्यांबद्दल तुम्हाला किती सांगू? की मुलांशी बोलू?' ती 'मुलांना सांगा' म्हणाली तर तो तिचा निर्णय, आणि तो नोंदवून ठेवायचा. पुष्कळदा आई म्हणते, 'मला माहितेय, मुलांना सांगू नका, घाबरतील.'

प्रश्न : मी आयसीयूत नर्स आहे. आमच्याकडे डीएनआर, म्हणजे हृदय थांबलं तर सीपीआर (छाती दाबून ते सुरू करणं) करायचं नाही ही सूचना, तोंडीच देतात. कधी 'घरच्यांसमोर थोडंसं सीपीआर करा' असंही. आम्ही कमिटीकडे जाऊ शकतो का? (हडपसर)

उत्तर : जाऊ शकता. चांगल्या समितीच्या नियमांतच असतं की कुठलाही कर्मचारी अर्ज करू शकतो आणि त्याचं नाव गुप्त राहतं. तुमच्या रुग्णालयात तो नियम नसेल तर मेट्रनमार्फत तो मागा.

तोंडी डीएनआर म्हणजे ज्याची ड्यूटी त्याच्या गळ्यात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोलून, लेखी. केसपेपरच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ, सही. वॉर्ड बदलला किंवा प्रकृती बदलली की पुन्हा पाहायचं. आणि डीएनआर म्हणजे सीपीआर करायचं नाही, एवढंच. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, कूस बदलणं, वेदनेचं औषध सगळं चालू. 'डीएनआर आहे' म्हणून दर दोन तासांची कूस बदलणं सुटलेलं दिसतं, तेही अर्जात लिहा.

'थोडंसं सीपीआर' हे नाटक आहे. सत्तरीतल्या माणसाची छाती नीट दाबली तर बऱ्याचदा बरगड्या मोडतात. नीट दाबली नाही तर उपयोग शून्य. अर्जात 'डॉक्टर चुकीचे वागतात' असं लिहू नका. 'अमुक तारखेला, अमुक वाजता तोंडी सूचना मिळाली, केसपेपरमध्ये नोंद नव्हती, असं तीनदा झालं' असं लिहा.

प्रश्न : अपघातानंतर पुतण्याला 'ब्रेनडेड' (मेंदू मृत) म्हटलं आणि लगेच अवयवदानाचं विचारलं. छातीचे ठोके चालू होते. हे इथिक्स कमिटीने ठरवायला नको का? (चाकण)

उत्तर : नाही, ब्रेनडेथ हा मतांचा विषयच नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टर तपासतात, त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कोणीही नसतो. सगळ्या तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास.

त्यातली सर्वांत निर्णायक तपासणी अ‍ॅप्निया टेस्ट. आधी काही मिनिटं पूर्ण ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर सोडवतात. नळीतून ऑक्सिजन चालूच असतो, म्हणून हृदय चालत राहतं. छाती-पोट उघडं ठेवून साधारण आठ-दहा मिनिटं नुसतं पाहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर गेला की जिवंत मेंदू श्वास घ्यायला लावतोच. छाती हललीच नाही, तर मेंदूचं ते केंद्र मेलेलं आहे. कोमात असं होत नाही, तिथे श्वासाचा प्रयत्न दिसतो.

काही रुग्णालयं घरच्या एखाद्याला ही तपासणी काचेतून पाहू देतात, विचारून बघा. चूक होते ती बोलण्याच्या क्रमात. मृत्यू झालाय हे घरच्यांच्या मनात उतरायच्या आत दानाचं विचारलं जातं. दोन्ही वेळचे निकाल पाहिल्यावरच बोलू, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. दान केलंत तर त्यासाठी शरीर टिकवण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च तुमच्या बिलात लावता येत नाही. पुण्यात पुढचं काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, पाहतं.

प्रश्न : आमचं तीस खाटांचं रुग्णालय. समिती सुरू करायची तर किती माणसं, किती काम? (भोसरी)

उत्तर : पाच ते सात जण पुरतात. दोन डॉक्टर (एक आयसीयूचे, एक बाहेरच्या रुग्णालयातले), वरिष्ठ नर्स, समाजसेवक, वकील, आणि आरोग्यक्षेत्राबाहेरचे एक-दोन: निवृत्त मुख्याध्यापिका, वाचनालयाचे कार्यवाह, असं कोणीही. मालक डॉक्टर किंवा बिलिंगचे मॅनेजर अध्यक्ष नकोत. एकट्याने जमत नसेल तर शेजारच्या दोन-तीन रुग्णालयांनी मिळून एक समिती करा, बाहेरचा सदस्य आपोआप मिळतो.

पहिल्या तीन महिन्यांत खरी केस घेऊ नका. जुन्या, मिटलेल्या केसेस नावं झाकून दर पंधरा दिवसांनी एकेक चर्चेला घ्या. अर्जाचा एक पानी नमुना, बैठकीच्या नोंदीचा नमुना आणि तातडीसाठी कोणाही दोघांनी २४ तासांत येण्याची पाळी एवढं ठरलं की सुरू करा. सल्ल्याची फी लावू नका. समिती बुडते ती बहुधा एकाच कारणाने: फोन फक्त तेव्हाच येतो जेव्हा नातेवाईक काच फोडायच्या बेतात असतात. म्हणून व्हेंटिलेटरवर दहा दिवस झाले की आयसीयूनेच कळवायचं, भांडण असो वा नसो, असा नियम घाला.

प्रश्न : समितीचा सल्ला पटला नाही तर? (विश्रांतवाडी)

उत्तर : तो बंधनकारक नाही. केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा, ७२ तासांत मिळायला हव्यात. त्या घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवा. हलवताना 'तिथे बेड आहे' एवढ्यावर निघू नका, व्हेंटिलेटर रिकामा आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिलेत याची खात्री करा. यंत्र काढण्याबाबत दोन मंडळांचंच एकमत झालं नाही तर घरचे, डॉक्टर किंवा रुग्णालय, कोणीही अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात जाऊ शकतं. पुणे जिल्ह्यासाठी ते मुंबईत. वकिलाला पहिल्या दिवशी द्यायचे कागद तीन: दोन्ही मंडळांची लेखी मतं, कमिटीची नोंद, आणि रुग्णाची इच्छा सांगणारं जे काही असेल ते, व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना मेसेजही.